बियाण्यातले दैव

दैव श्रेष्ठ की पुरुषार्थ, असे महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो. भीष्म उत्तरादाखल ब्रह्मदेव आणि वसिष्ठांचा जुना संवाद सांगतात. त्यात शेत हा पुरुषार्थ आणि बीज हे दैव मानले आहे. दोन्ही जुळली तरच पीक येते. वाचणाऱ्याला हे उलटे वाटते, कारण बी तर माणूसच पेरतो. पण तिथले दैव म्हणजे आभाळातून कोसळणारी गोष्ट नव्हे, आधी केलेल्या कर्माचा तो परिपाक आहे.

2023 साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, संत्र्याच्या बागांशेजारच्या वावरांत, सोयाबीनच्या घरच्या बियाण्यावर हा विचार पडताळता येतो. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. मळणीयंत्र जोरात फिरले, पोती आपटली, थप्पी उंच लागली किंवा दाण्यात ओल राहिली, की उगवण घटते. जूनमध्ये ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडून गुंडाळी करतात आणि आठवडाभरात मोड मोजतात. 70 निघाले तर नेहमीच्या मापाने पेरतात, कमी निघाले तर बियाणे वाढवावे लागते. दाणा मेला तो मागच्या ऑक्टोबरात, मळणी-साठवणीच्या वेळी. जूनमध्ये ते फक्त कळते.

पुरुषार्थालाही वेळेचे बंधन आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमीन नीट ओलावल्यावर पेरलेले सोयाबीन साधते. पहिल्याच सरीवर तिफण घातली आणि पावसाने ताण दिला, तर दुबार पेरणी कपाळी येते. डवरणी तण लहान असतानाच करायची. मक्यात लष्करी अळी पोंग्यात शिरते, म्हणून दर चार-आठ दिवसांनी पोंगे उघडून पाहावे लागतात. तुरा आणि कणसाचे केस निघताना पाणी तुटले तर दाणे भरत नाहीत. गव्हाला पेरणीनंतर साधारण 21 व्या दिवशी मुकुटमुळे फुटतात, त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट भरत नाही.

तरीही सगळे माणसाच्या हाती येत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. शेताच्या भाषेत जमीन, शेतकरी, अवजारे, मशागत आणि पाऊसपाणी असा त्यांचा अर्थ लावता येतो; इथले दैव मात्र आभाळातले आहे. कापणीला आलेल्या गव्हावर गारपीट झाली, तर चार कारणे पुरी असूनही पाचवे फिरते. अशा वेळी ‘ज्याच्या त्याच्या कर्माचे फळ’ म्हणून शेतकऱ्याला दोष देणे हा अनुशासनपर्वातल्या दृष्टांताचा गैरवापर आहे. कर्मवादाचा उपयोग उगवण तपासण्यासाठी व्हावा, उद्ध्वस्त माणसाला हिणवण्यासाठी नव्हे.

शेताचेही बियाण्यासारखेच आहे: आधीच्या हंगामात केलेले पुढच्या हंगामात दिसते. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. मुळे आणि पालापाचोळा जमिनीत राहिला तर त्याचा काही भाग मागून येणाऱ्या गव्हाला मिळतो. गहू निघाल्यावर धसकटे पेटवली, तर सेंद्रिय अंश आणि बराचसा नत्र धुरात जातो. तीच वखरून मातीत गाडली, तर ती हळूहळू कुजतात आणि पुढच्या हंगामाची पेरणी त्या मातीत होते.