शेवटपर्यंत टिकायचे कसे?



संकट आले की आपण नोव्हेना धरतो, मेणबत्ती लावतो. पण संकट लांबले की? अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा पहिला महिना मनापासून होते. तिसऱ्या वर्षी तोंडून उणा शब्द निघतो. मुलाचे व्यसन सुटावे म्हणून सुरू केलेली रोजरी हळूहळू थांबते. 'हे एकदा संपू दे, मग देवाकडे नीट वळेन,' असे आपण म्हणतो. हा धीर आहे की नुसते वाट पाहणे?

व्हिएतनामचे फ्रान्सिस झेवियर न्गुएन व्हान थुआन यांना एप्रिल १९७५ मध्ये सायगावचे सहआर्चबिशप नेमण्यात आले. काही दिवसांतच शहर कम्युनिस्टांच्या हाती गेले. १५ ऑगस्टला, मरिया मातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना अटक झाली. पुढची १३ वर्षे बंदिवासात गेली, त्यांतली ९ एकांतवासात. खटलाच चालला नाही. त्यामुळे सुटकेचे दिवस मोजण्याचीही सोय नव्हती.

त्यांनी ठरवले, सुटकेची वाट पाहत बसायचे नाही. आजचा दिवस प्रेमाने भरायचा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर त्यांनी आपल्या लोकांसाठी छोटे संदेश लिहिले आणि एका लहान मुलाकरवी बाहेर पाठवले. पोटदुखीचे औषध म्हणून त्यांनी द्राक्षारस मागवला. तळहातावर त्याचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. आपला कळप उघड्यावर पडला या विचाराने तेही रात्र रात्र तळमळले. म्हणजे टिकून राहणे हे कधीच न डगमगणे नव्हे. डगमगूनही आजची प्रार्थना न सोडणे, हेच टिकणे.

धीर धरणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे असेही नाही. प्रभूच्या दाखल्यातील विधवा (लूक १८:१-८) घरी रडत बसली नाही. न्याय मागायला पुन्हा पुन्हा गेली. आपणही उपचार करावेत, मदत मागावी, न्याय मागावा. पण 'फळ दिसल्याशिवाय प्रेम करणार नाही,' अशी अट घालू नये.

प्रभूने आपल्याला रोजची भाकर मागायला शिकवले, वर्षभराचे धान्य नव्हे. कृपाही तशीच दिवसापुरती मिळते. उद्याचे ओझे आजच्या कृपेवर उचलू गेलो की पाठ मोडते.

२१ नोव्हेंबर १९८८ रोजी व्हान थुआन सुटले. २००१ मध्ये ते कार्डिनल झाले, २००२ मध्ये प्रभूघरी गेले आणि २०१७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना 'आदरणीय' घोषित केले. त्या १३ वर्षांना त्यांनी फुकट गेलेला काळ मानले नाही.

आज मिस्सानंतर घरी जाल, तेव्हा थांबलेली एकच गोष्ट पुन्हा सुरू करा: रोजरीचे एक दशक, आजाऱ्याजवळ दहा मिनिटे, अबोला धरलेल्या भावाला एक फोन. फक्त आजच्यापुरती. उद्या सकाळी उद्याची कृपा मागू.

हे प्रभो, आजच्या दिवसापुरते बळ दे. आमेन.