दान कोणाच्या कोठारातले?

माउली, दामाजीपंतांचे आख्यान लागले की मंडपात डोळे कोरडे राहत नाहीत. मंगळवेढ्याचे कोठार बेदरच्या बादशहाचे, धान्य सरकारी, आणि दुष्काळात पंतांनी ते भुकेल्यांसाठी खुले केले. एवढ्यावर आपण टाळी देतो. पण आख्यान तिथे संपत नाही. पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला, धान्याचे मोल दरबारात भरले आणि पावती घेऊन आला. दुसऱ्याच्या धान्याचे मोल देवानेही बुडवले नाही.

तुकोबारायांकडे वळा. घरात सावकारीची खते होती. परंपरेची कथा अशी, की तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. एक धाकट्या कान्होबांच्या हाती दिला, आपला तेवढा इंद्रायणीच्या डोहात सोडला. थोरलेपणाच्या अधिकाराने सगळीच बुडवली असती तर कोण आड येणार होते? पण कान्होबांचे वैराग्य कान्होबांनी ठरवायचे. ते तुकोबांनी आपल्याकडे घेतले नाही.

हे आज काढायचे कारण कांदा. कांदेनवमी झाली की चातुर्मासभर कांद्याला न शिवणाऱ्यांनी कांद्यावर बोलावे, हसाल तर हसा.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ३१ मार्चपर्यंत म्हणाले, पुढे ती लांबली आणि ४ मे २०२४ ला उठली, तीही शुल्क व किमान दराच्या अटीसह. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचे दिवस. उन्हाळी कांदा चाळीत महिनोन्‌महिने राहतो, लाल कांदा टिकत नाही. भाव पडला म्हणून थांबावे, एवढीही मोकळीक त्या शेतकऱ्याला नव्हती. मिळेल त्या भावाला ट्रॅक्टर रिकामा करायचा.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या मजुराने महाग कांदा खायचा का? प्रश्न खोटा नाही. भाकरीबरोबर कांदा हेच ज्याचे कोरड्यास, त्याला पाच-दहा रुपयांचा फरक जड जातो, आणि तोही माळकरीच असतो पुष्कळदा. त्याची काळजी राजाने वाहावी, हा राजधर्मच. पण त्याच वर्षी सरकारने राखीव साठ्यातला कांदा २५ रुपये किलोने विकला. तो बाजारातून विकत घेतलेला होता, म्हणजे स्वस्ताईचा भार तिजोरीवर, तुमच्या-माझ्या सगळ्यांवर पडला. या वाटेला मी दामाजीपंतांची वाट म्हणेन, कारण इथे मोल भरले गेले. निर्यातबंदीत कोणीच मोल भरत नाही. ज्याने घाम गाळला त्याचे गिऱ्हाईक तोडायचे आणि त्यातून झालेल्या स्वस्ताईला लोककल्याण म्हणायचे. ती कान्होबांच्या वाट्याची खते बुडवणे झाले.

भाव चढला की शेतकऱ्याला ‘नफेखोर’ म्हणणारी माणसे आपल्या दिंडीतही आहेत. भाव मातीमोल झाला तेव्हा त्यांनी घरी नेलेल्या कांद्याला दोन रुपये जास्त मोजले होते का?

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून सिन्नर, अहिल्यानगरमार्गे पंढरीला जाते. त्या वाटेवर पिठले-भाकरी वाढणाऱ्या कितीतरी घरांमागे कांद्याच्या चाळी आहेत. पंगतीला बसाल तेव्हा यजमानाला विचारून पाहा, त्या डिसेंबरात लाल कांदा काय भावाने गेला. बहुधा तो हसेल आणि म्हणेल, “माउली, आधी जेवून घ्या.”