लक्ष्मीबाईंची पाच वर्षं

१८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका बातमीसरशी मोडला. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, पण सोवळं सुटेना.

जात माणसांनीच केलेली, हे त्यांना सावकाश उमगलं. मग कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा झाला तो १९०० साली.

या उशिराबद्दल ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या स्वतःला कोसत बसत नाहीत, आपल्या भीतीला, हट्टाला चक्क हसतात. भल्याभल्यांना जमत नाही हे!

खचलेल्या माणसाला न कोसणं बायबलमध्येही दिसतं. संदेष्टा एलीया मरण मागत झुडुपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला निखाऱ्यावरची भाकर नि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर.

घरात ‘स्मृतिचित्रे’ असेल, तर आज चार पानं जरूर वाचा.