तात्पुरती दुष्फेनता

माणसाला पाणी लागतं, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत. कोकणातून मुंबईला गेलेला मुलगा दोन वर्षांत घरी पत्र पाठवीनासा झाला, की 'त्याला मुंबईचं पाणी लागलं' असं म्हणून घरचे लोक मोकळे होत. मुलाला कुणी दोष देत नसे. दोष पाण्याला. पाण्यावर फिर्याद लावता येत नाही आणि पाणी उलटून बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांचीच अब्रू राहत असे. पण पाणी गिझरलाही लागतं, वॉशिंग मशीनलाही लागतं, आणि तसं ते लागलं की फिर्याद थेट सोसायटीच्या सेक्रेटरीवर होते, हे ज्ञान मला डोंबिवलीने दिलं.

तसं पाहिलं तर आमच्या वाट्याचं मूळ पाणी स्वभावाने गरीब आहे. कल्याण-डोंबिवली उल्हास नदीचं पाणी पिते. या नदीला बारवी धरणाचं पाणी मिळतं, आणि १९२२ साली भिवपुरीला टाटांचं वीजघर सुरू झाल्यापासून घाटावरच्या आंध्रा नदीचं पाणीही डोंगर उतरून तिला मिळतं. म्हणजे ज्या पाण्याने इंद्रायणीतून आळंदी आणि भीमेतून पंढरपूर करायचं, ते वाट वाकडी करून, वीज देऊन, डोंबिवलीत धुणीभांडी करतं. पुण्य कुठलं मोठं, ते ज्याचं त्याने ठरवावं. ठाण्याचीही तहान भातसा आणि उल्हास यांच्यावरच भागते. हे सगळं सह्याद्रीवरून घाईघाईने उतरलेलं पावसाचं पाणी. वाटेत दगडांशी गप्पा मारायला त्याला सवड नसते, म्हणून ते मऊ राहतं.

अडचण एवढीच, की ते पुरत नाही. घोडबंदर रोडवरचे टॉवर घ्या, दिवा घ्या, नाहीतर डोंबिवलीभोवतीची गावं घ्या. माणसं आधी राहायला आली आणि पाणी मागाहून येईल असं सांगितलं गेलं. मग टँकर आले आणि बोअरिंग आलं. बोअरिंगचं पाणी मात्र मुरलेलं असतं, आणि मुरलेल्या माणसासारखंच ते कठीण असतं. मातीतून झिरपताना ते कार्बन डायऑक्साइड घेतं, आणि त्याच्या जोरावर खालच्या काळ्या दगडातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून आणतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा असावा, आणि दुसरी काही सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. 'दुसरी सोयच नसेल तर' हे शब्द वाचले, की मानक लिहिणारे गृहस्थ आमच्याच बाजूला राहत असावेत असं वाटतं.

या पाण्यात साबणाला फेस येत नाही, पांढऱ्या शर्टाला राखाडी कळा येते, शॉवरची भोकं एकेक करून डोळे मिटतात. आणि डाळ शिजत नाही. हे वाक्य इथे अक्षरशः घ्यायचं. अलंकारिक डाळ कुणाकुणाची शिजते, तो विषय वेगळा.

शाळेत अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणत. शब्द असा, की उच्चारतानाच तोंडाला कोरड पडावी. त्यात पुन्हा दोन प्रकार, तात्पुरती दुष्फेनता आणि कायमची. उकळल्यावर जाते ती तात्पुरती. आता ती जाते म्हणजे कुठे जाते? तर पाणी तापलं, की बायकार्बोनेट मोडतं, वायू उडून जातो आणि खडू खाली बसतो. गिझरच्या कॉइलवर, किटलीच्या तळाला. कॉइल त्या गोधडीत गुदमरते, आतल्या आत तापते आणि एक दिवस जळते. उकळून न जाणारी 'कायमची' दुष्फेनता बरीचशी पाण्याबरोबर वाहून जाते. आणि 'तात्पुरती' म्हणतात ती मात्र कायमचा मुक्काम ठोकते. हे नाव ठेवणाऱ्याला गृहनिर्माण सोसायटीचा दांडगा अनुभव असला पाहिजे. आमचं बोअरिंगसुद्धा एका उन्हाळ्यापुरतं 'तात्पुरतं' म्हणूनच गच्चीवरच्या टाकीला जोडलं होतं. त्या उन्हाळ्यात जन्मलेली मुलं आता सायकली चालवतात.

गेल्या सर्वसाधारण सभेत सहाव्या मजल्यावरच्या काकांनी जळलेली कॉइल पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर बोटभर पांढरा थर होता. "दोन वर्षांतली ही दुसरी. भरपाई सोसायटीने द्यावी." सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "काका, देऊ की. फक्त कुठल्या तारखेच्या पाण्याने जळली, तेवढं लिहून द्या."

सभा हसली. काकाही हसले. मला मात्र तो प्रश्न रात्री झोपू देईना. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणा धरला, तर पंधरा लिटरच्या बादलीत साडेचार ग्रॅम खडू विरघळलेला असतो. चमचाभर. त्यातलाही थोडाच कॉइलवर बसतो. मग कॉइल कुठल्या बादलीने मारली? पहिलीने नाही, शेवटचीनेही नाही. प्रत्येक बादली हात वर करून सांगेल, "मी नव्हते." आणि तिचं म्हणणं खरं असेल. कायद्याला आणि आपल्याला गुन्हा समजतो तो तारीख-वार आणि एखाद्याचा हात दिसला तर. जे नुकसान रोज चिमूटभर होतं आणि दहा हातांनी होतं, ते कुणाच्या नावावर मांडायचं?

बरं, बादल्या भरतं कोण? महापालिकेचं पाणी येतं मोजकं. ते संपलं, की टाकीत बोअरिंग सोडलं जातं. म्हणजे सकाळी पाइप लावून जो गृहस्थ गाडीला अभ्यंगस्नान घालतो, तो नदीचं पाणी वापरतो आणि तेवढंच कठीण पाणी माझ्या नळात ढकलतो. त्याला विचाराल तर म्हणेल, "दोन बादल्यांनी काय होतंय?" खरंच काही होत नाही. मी दाढी करताना नळ सुरू ठेवतो, त्यानेही काही होत नाही. काही न होण्याचे हे थर साचत साचत काकांची कॉइल जळते. प्रत्येकाचा हिशेब बादलीने केला तर सगळे निर्दोष सुटतात. सवयीने केला तरच आरोपी सापडतो, आणि तो आरशात सापडतो.

तिसऱ्या मजल्यावरच्यांनी आपल्यापुरता प्रश्न सोडवला आहे. त्यांनी सॉफ्टनर बसवलाय. त्यातली राळ पाण्यातलं कॅल्शियम घेते आणि बदल्यात सोडियम देते. राळ थकली की तिला मिठाच्या पाण्याने ताजीतवानी करायची, आणि ते पाणी गटारात सोडायचं. कठीणपणा संपत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जातो. आरओचंही तेच. तो थोडं पाणी देतो आणि बरंच फेकतो. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तिथे आरओला बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं. पण ज्याच्याकडे पैसे आहेत तो सुटका विकत घेतो, आणि एकदा सुटला की सभेला यायचा बंद होतो. पाण्यापेक्षा हा क्षार मला जास्त घातक वाटतो.

या सगळ्यात मला आदर वाटतो तो फक्त गिझरमधल्या एका दांडीचा. टाकी गंजू नये म्हणून पुष्कळ गिझरमध्ये मॅग्नेशियमची एक दांडी बसवलेली असते. टाकीच्या पत्र्याऐवजी ती स्वतः झिजते, आणि पाण्यात क्षार जास्त तितकी लवकर झिजते. तिची चौकशी कुणी करत नाही. ती संपल्याचं कळतं, ते टाकी गळू लागल्यावर. प्रत्येक सोसायटीत अशी एखादी दांडी असते. आमचे सेक्रेटरी ती आहेत, असं त्यांचं म्हणणं आहे.

शेवटी त्याच सभेत एक ठराव आला. बोअरिंग गच्चीवरच्या टाकीतून काढावं, खाली वेगळा नळ द्यावा, गाड्या, जिने आणि झाडं त्यावर करावीत. पुरवठा बंद असेल त्या दिवशीच ते वर चढवावं. आणि प्रत्येक घराने रोज दोन बादल्या कमी वापराव्यात. दोन बादल्यांवर दोन तास वाद झाला. गाडीवाल्यांनी तत्त्वाचा प्रश्न काढला. तिसरा मजला गैरहजर होता. अखेर काका उठले आणि म्हणाले, "मला भरपाई नको. पण हे करा."

ठराव मंजूर झाला. इतिवृत्तात सेक्रेटरींनी सवयीने लिहिलं, 'ही व्यवस्था तात्पुरत्या स्वरूपात राहील.' ते वाचलं आणि मी निर्धास्त झालो. आमच्या सोसायटीत तात्पुरतं म्हणून सुरू झालेलं काहीही आजवर बंद पडलेलं नाही.