माया आणि मर्यादा

आज प्रपंचातल्या एका दुःखाविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. त्यात आमची एक चूकही पदरात घ्यावयाची आहे.

पाच वर्षांमागे कीर्तन आटोपल्यावर एक माळकरी बाई येऊन बसल्या. "बुवा, लेक सकाळी म्हणते, आई तूच माझा देव, सांजेला म्हणते, तूच वैरीण. रात्री वीस वीस वेळा फोन. उचलला नाही तर हातावर ब्लेड ओढून घेते." आम्ही म्हणालो, "माउली, सहन करा." त्यांनी सहन केले. झोप गेली, हरिपाठ सुटला, अखेर अंथरूण धरले. लेकीचे दुःख तिळभर कमी झाले नाही.

पुढे मानसोपचारतज्ज्ञाने रोगाचे नाव सांगितले: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. ही बाहेरची बाधा नव्हे, नाटक तर नव्हेच. 'मला टाकून जातील' या भयाने जीव होरपळतो, मग साधा शब्दही पोळतो. मार्शा लिनेहान या विदुषीने त्यावर उपचारपद्धती घडविली, १९९३ साली ग्रंथ लिहिला. तरुणपणी आपणही अशाच यातनेतून गेलो, हे त्यांनी २०११ साली उघड सांगितले. तेव्हा यातून माणूस सावरतो.

घरच्यांनी मात्र मर्यादा घालावी. या शब्दाने मायेची माणसे दचकतात. अहो, रिंगणात वारकरी कडे धरतात ते अश्वाला हाकलायला का? त्याने मोकळे धावावे म्हणून! कडे मागेपुढे सरकले, की माणूस तुडवला जातो आणि अश्वही बिथरतो.

संस्कृतात 'वेला' म्हणजे समुद्राची मर्यादा, आणि 'वेला' म्हणजे वेळही. पाठशाळेत घोकले, उमगले म्हातारपणी. मर्यादा सांगायची ती शांत वेळी, वादळात नाही. शिवाय ती आपल्या वागण्याची असते. "ओरडू नकोस" हा हुकूम झाला. "ओरडलीस तर मी फोन ठेवीन, सकाळी आठला मीच करीन" ही मर्यादा. आणि आठला करायचाच! एकोणीस वेळा टाळून विसाव्या वेळी उचलला, तर वीस वेळा करावा हेच आपण शिकवितो.

जिवाचे बोलणे मात्र धमकी म्हणून कधी सोडू नये. तेथे धावायचेच. एकटे ठेवू नये, ब्लेड-औषधे दूर करावी, डॉक्टर गाठावा. कोणी जायचे हे आधीच ठरलेले असावे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आहे.

आम्ही त्या बाईंची क्षमा मागितली. गेल्या कार्तिकीस भेटल्या. म्हणाल्या, "पहिले दोन महिने पोरगी लई चिडली, बुवा, फोन वाढलेच. वाटलं, मोडावं सगळं. आता उपचाराला जाते. परवा भांडलीच माझ्याशी. मग आपणच म्हणाली, आई, ठेवते आता, सकाळी आठला बोलू."