चुल्लपंथकाचे फडके



गेल्या 14 एप्रिलला आमच्या विहारात मुलांना अठरा तास अभ्यासाला बसविले होते. परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत पुष्कळ गावी पडली आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु सातवीतला एक मुलगा दर दहा मिनिटांनी उठे. कधी पाणी, कधी पेन्सिल, कधी काहीच नाही. मी पडलो मास्तर. सर्वांदेखत म्हणालो, "बाबासाहेब अठरा तास बसत, तुला अठरा मिनिटे बसवत नाही?" पोर मान खाली घालून निघून गेले, ते आठवडाभर शाळेत फिरकले नाही. बाप भेटला तर म्हणाला, "गुरुजी, याच्या डोक्शात काई राह्यत नाई. औंदा याले ऊसतोडीले संगं नेतो."

हे ऐकले आणि मला चुल्लपंथक आठवला. तो धाकटा भाऊ, थोरला महापंथक. थोरल्याने त्याला भिक्खूसंघात आणले, पाठ करण्यास एक गाथा दिली. चार महिने झाले, एक गाथा काही पाठ होईना. तेव्हा ह्या सख्ख्या भावानेच त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले, आणि जीवकाच्या घरच्या भोजनालाही त्याचे नाव धरले नाही. तथागतांनी मात्र त्याला थांबविले. हाती स्वच्छ फडके दिले आणि मळ दूर होवो एवढेच म्हणत ते चोळीत बसण्यास सांगितले. चोळता चोळता फडके मळले, आणि अनित्यता त्याला डोळ्यांनी दिसली. (पुढे कथेत चमत्कार येतात, ते आपण बाजूला ठेवू.)

तथागतांनी गाथा पुन्हा घोकविली नाही, काम लहान केले. ते हातात धरता येणारे होते आणि त्यात होणारा बदल तिथल्या तिथे दिसत होता.

जूनमध्ये आम्ही मुलाला जिल्हा रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी एडीएचडी असे नाव सांगितले. लक्ष टिकविणे आणि मनाला आवर घालणे हे मेंदूचे काम अशा मुलांत वेगळ्या रीतीने चालते. पुष्कळदा ते घराण्यातून येते. जॉर्ज स्टिल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1902 साली लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. यात आळस नाही आणि कोणाची नजरही नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी अंगारा शोधू नये. काहींना औषधाचा उपयोग होतो. ते डॉक्टर ठरवतील. अशा मनाला वर्षअखेरच्या निकालाची ओढ लागत नाही, आता मिळणाऱ्या फळाची लागते. 'शिकशील तर साहेब होशील' हे त्याच्यासाठी फार लांबचे बोलणे झाले.

म्हणून आईने ठरविले: दहा मिनिटे अभ्यास, मग उठून एक कळशी पाणी, पुन्हा दहा मिनिटे. झाले की भिंतीवर कोळशाची एक रेघ. चार महिन्यांत तेराचा पाढा आला. बाप वैतागला, "एवढंच?" वैतागणे खोटे नव्हे, पोटाची काळजी त्यालाच होती. पण धम्मपदातील मलवग्गात चांदीचा मळ काढणाऱ्या कारागिराचा दृष्टान्त आहे. तो क्षणाक्षणाने, थोडा थोडा मळ काढतो. आपल्या जिल्ह्यात खामगावच्या चांदीचे नाव आहे, तेव्हा हे मी कशाला सांगावे?

दिवाळीच्या सुट्टीत सगळे बिघडले. अकरा दिवस रेघ नाही. मला वाटले, संपले. आई रागावली नाही. बाराव्या दिवशी तिने कळशी त्याच्यापुढे ठेवली, एवढेच. सम्यक व्यायाम मी पुस्तकात वाचला होता.

मी मुलाची क्षमा मागितली, तीही वर्गात, सर्वांदेखत. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याने ऐकले की नाही, कोण जाणे.

टोळीचा ट्रक गेला. बाप गेला, मुलगा आजीजवळ राहिला आहे. जाण्यापूर्वी बापाने भिंतीवरच्या रेघा मोजल्या आणि त्या कोऱ्या अकरा दिवसांच्या जागी आपल्या हाताने रेघा ओढू लागला. मुलगाच म्हणाला, "बाबा, ते तसंच राहू द्या. त्या दिवशी म्या केलं नव्हतं."