लोहचुंबक चिकटलं

मे महिन्यात, भर दुपारी, हिंगण्यात गाडीला रंग मारायला घेऊ नये, हे मला आमच्या गल्लीतल्या कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं नाही. चार व्हिडिओ बघितले होते, तेवढं पुरेसं वाटलं.

गाडी म्हणजे बाबांची मारुती ८००. २०१६ साली सेकंड हँड घेतलेली, आता विकायला काढलेली. डाव्या फेंडरचा रंग तडकला होता, आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखा. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने साडेचार हजार सांगितले. मी म्हटलं, एवढ्याशा पत्र्याला? स्प्रेचे कॅन, प्रायमर, पॉलिश पेपर घेऊन आलो. तड्यांवरून हलका पेपर फिरवला आणि भरपूर रंग मारला. अर्ध्या तासात खडखडीत वाळला. बाबा खूश, मी त्याहून खूश.

अकराव्या दिवशी तडे परत आले. जुन्या जागी जुने, शिवाय दोन नवे.

का, ते नंतर कळलं. रंग वाळतो म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं. पंचेचाळीस डिग्रीत वरचा थर इतक्या झटपट वाळतो की त्याची साय धरते आणि खालचं थिनर आत कोंडून राहतं. पुढे ते हळूहळू निघत राहतं, खालचा थर आकसतो, वरची साय मात्र आधीच कडक झालेली असते. तिला आकसता येत नाही, म्हणून ती फाटते. थर जितका जाड, तितका हा प्रकार वाईट. आणि खाली आधीचाच तडा असेल तर प्रश्नच मिटला. नवा रंग तडा भरत नाही, तो फक्त थोडे दिवस झाकतो.

दुसऱ्या वेळी पार पत्र्यापर्यंत घासायला बसलो. १८० नंबरच्या पेपरने वरचा पांढरा गेला. खाली राखाडी प्रायमर. त्याखाली पिवळट लांबी, काही ठिकाणी चांगली पाच-सहा मिलिमीटर. लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या वर भरायची नसते. पत्रा उन्हात एका मापाने फुगतो, लांबी दुसऱ्या, आणि जाड थर आधी हार मानतो. लांबीखाली अजून एक पांढरा, कंपनीचा मूळ रंग, आणि मग पत्रा, हाताच्या पंजाएवढा आत दबलेला.

म्हणजे गाडी आमच्याकडे यायच्या आधीच कुठेतरी ठोकलेली होती. मी बाबांना बोलावलं. ते बराच वेळ त्या खळग्याकडे बघत राहिले. म्हणाले, "त्यानं सांगितलं नाही. पण मी विचारलंबी नव्हतं."

या वेळी सगळं नीट केलं. आतून ठोकून पत्रा जमेल तितका वर आणला, म्हणजे लांबी कमी लागावी. कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या उतरत्या घासल्या. सकाळी सहाला, सावलीत, मास्क लावून, अंगणात पाणी शिंपडून (एमआयडीसीकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ ओल्या रंगावर येऊन बसते), वीतभर अंतरावरून पातळ कोट मारले. दोन कोटांच्या मध्ये पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं. सगळ्यात अवघड काम हेच.

बसल्या बसल्या बाबांचं ते वाक्य डोक्यात फिरत होतं. न विचारलेलं सांगायचं असतं का?

आपला कायदा याबाबतीत बराच मोकळा आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७. त्यात उदाहरण दिलंय घोड्याचं. लिलावात मी दोष असलेला घोडा विकतो, दोष मला माहीत आहे, मी गप्प राहतो. ही फसवणूक नाही. पुढचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. घेणारी माझीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणं माझं कर्तव्य. घोडा तोच, दोष तोच. बदललं ते फक्त समोरचं माणूस.

सिसेरोने इसवी सन पूर्व ४४ मध्ये मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात दोन स्टोइक गुरू-शिष्यांचा याच मुद्द्यावर वाद आहे. गुरू डायोजिनीस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. शिष्य अँटिपेटर म्हणतो, जे घेणाऱ्याने जाणून घेणं त्याच्या हिताचं आहे, ते सांगायलाच हवं. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. मला मात्र गुरूचंही थोडं पटतं. भाजीवाल्याने प्रत्येक वांग्याचं चरित्र सांगायचं म्हटलं तर बाजार उठायचा नाही. पण वांगं मी हातात घेऊन, उलटंपालटं करून बघू शकतो. रंगाच्या आत कोण बघणार? जॉर्ज अकरलॉफने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिलं, ते हेच: विकणाऱ्याला जे ठाऊक असतं ते घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा सगळ्यांवरच संशय घेतो आणि चांगल्या गाडीलाही भाव मिळत नाही. २००१ मध्ये त्याला या विषयातल्या कामासाठी नोबेल मिळालं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "हे तर आपल्या पानठेल्यावर कोणीबी सांगते."

गाडी बघायला एक पोरगा आला. कंपनीत नवीन लागलेला, आईला दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी पाहिजे होती. हुशार होता. खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि एकेका पत्र्याला लावत गेला. जाड लांबी असली की ते धरत नाही. डाव्या फेंडरवर लावलं. टक्‌ करून चिकटलं. माझी लांबी पातळ होती ना! मला, खरं सांगतो, आधी अभिमानच वाटला.

मग तो म्हणाला, "दादा, काही असंल तर आत्ताच सांगा. नाहीतर मी ओके धरून चालतो."

करार कायद्यातलं घोड्याचं तिसरं उदाहरण जवळजवळ असंच आहे. घेणारा असं म्हणाला आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलल्यासारखंच धरलं जातं. पण त्या क्षणी मला कलमबिलम आठवलं नाही. आठवला तो बाबांचा चेहरा, खळग्याकडे बघणारा. बाबा माझ्या शेजारीच उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

मी सांगितलं. गाडी लागली होती, आधीच्या मालकाकडे. दोनदा रंगवली, एकदा मीच बिघडवली. मोबाइलमधला उघड्या पत्र्याचा फोटोपण दाखवला.

तो आठ हजार कमी करा म्हणाला. सहावर तुटलं. म्हणजे घरी रंगवून जे वाचवलं होतं, त्याहून जास्तच गेलं. बाबा संध्याकाळभर काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "त्यानं विचारलं नसतं तर?"

मी वरणात पोळी कुस्करत राहिलो. मला अजूनही माहीत नाही.

गाडी अधूनमधून बाजारात दिसते. त्याची आई मागे बसलेली असते. माझी नजर आधी डाव्या फेंडरवर जाते. एक उन्हाळा निघाला, अजून तडकलेला नाही.